एक लाल, एक निळी

इटलीच्या डोंगरातल्या आमच्या कोर्तिनात फेब्रुवारीत येणारी निम्मी माणसं स्कीवर पायसुद्धा ठेवत नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते. ती येतात फरचा कोट मिरवायला. संध्याकाळ झाली की घंटाघराखालच्या रस्त्यावर नुसती झुंबड उडते. बायका, बायकांचे कोट, आणि कोटाच्या बाहीतून डोकं काढणारी ती मुठीएवढी कुत्री. इकडून तिकडे जायचं, तिकडून इकडे यायचं, आणि कुणी कुणाला पाहिलं ते रात्रीच्या जेवणात चघळायचं. लोरेदाना त्यातलीच. मी तिला हे तोंडावर सांगते, म्हणून तर आमचं जमतं.

लोरेदाना आणि तिचा नवरा एर्मेते बोलोन्याहून येतात. तो वकील, म्हणून अख्खं गाव त्याला वकीलसाहेब म्हणतं. माझ्या छोट्या गेस्टहाऊसात त्यांची खोली ठरलेली, खिडकीजवळचं टेबल ठरलेलं, आठवडासुद्धा ठरलेला. पहिल्यांदा आले तेव्हा माझा नवरा जिवंत होता आणि लोरेदानाचे केस खरेच काळे होते. आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरात घुसायचं, पातेल्यांची झाकणं उचलायची आणि नाक मुरडायचं, हा तिचा हक्क. आमच्या सूपमधल्या पावाच्या गोळ्यांना ती तोफगोळे म्हणते. स्वतःचे तोर्तेलिनी, म्हणजे मांस भरलेल्या पिठाच्या इवल्या पुरचुंड्या, बोलोन्याहून डब्यात भरून आणते, जणू आम्ही इथे उपाशी मरतोय.

एर्मेतेला स्की शिकवली माझ्या भावाने, सिस्तोने. सिस्तो माझ्याहून मोठा, लग्न केलं नाही, जन्मभर याच डोंगरावर लोकांना स्की शिकवत राहिला, आणि बर्फात अडकलेल्यांना काढायला बचाव पथकाबरोबर धावत राहिला. आता निवृत्त झालाय, म्हणजे पैसे न घेता शिकवतो. पहिल्याच वर्षी दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच. बुटाचं माप एक, पत्त्यांचं वेड एक, आणि लोरेदाना म्हणते तसं डोकंही दोघांत मिळून एकच. एका हिवाळ्यात दोघांनी एकाच दुकानातून सारख्याच स्की घेतल्या. सिस्तोने लाल जोडी घेतली, वकीलसाहेबांनी निळी. जुन्या झाल्या, टवके उडाले, पण बदलायचं नाव नाही.

आता इथली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डोंगरावरच्या खाणावळीत जेवायला बसायचं तर स्की बाहेर स्टँडला लावून जावं लागतं, आणि तिथून चांगली जोडी उचलून नेणारे महाभाग काही कमी नाहीत. म्हणून इथली जुनी माणसं जोडी फोडतात. माझी एक आणि तुझी एक अशा या स्टँडला, उरलेल्या दोन दूरच्या त्या स्टँडला. चोराला जोडी हवी असते, एक लाल आणि एक निळी घेऊन तो काय करणार? जेवून बाहेर आलं की आपापली जोडी लावून घ्यायची. सिस्तो आणि वकीलसाहेब हे इतकी वर्षं करत आलेत की आता माझ्या दारातही तसंच लावून ठेवतात. लोरेदानाला त्याचा भारी राग.

"सर्कशीतले विदूषक तरी बरे," ती म्हणायची. "मेल्या त्या स्की निदान घरी तरी नीट लावा!"

यंदा मात्र ती आली तीच नरम. पाकातल्या मुरांब्यासारखी गोड बोलत होती, तेव्हाच मला संशय आला. गुरुवारी मी बटाटे सोलत होते, तर येऊन समोर बसली.

"अर्मिदा, हे शेवटचं वर्ष गं."

वकीलसाहेबांच्या हृदयात शरद ऋतूत दोन जाळ्या, म्हणजे स्टेंट, बसवल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सपाट उतारावर हळूहळू स्की करायला परवानगी दिली होती, वाऱ्यात आणि उंचावर नाही म्हणून सांगितलं होतं. लोरेदानाला तेवढ्यानंही झोप लागत नव्हती. सकाळी तो डोंगरावर गेला की संध्याकाळी परत येईपर्यंत तिचा जीव टांगलेला. पुढच्या हिवाळ्यासाठी तिने लिगुरियात समुद्रकाठी फ्लॅट बघून ठेवला होता.

"त्यांना सांगितलंस?"

"शनिवारी सांगेन. गाडीत. गाडी चालवताना त्यांना नीट भांडता येत नाही."

 काय बोलणार? तिचा नवरा, तिची काळजी. पण सिस्तोला कोण सांगणार, हा विचार आधी मनात आला, आणि मी बटाटे गरजेपेक्षा जास्त सोलून ठेवले.

शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस. सकाळी दोघं म्हातारे खांद्यावर स्की टाकून दारात उभे, आणि लोरेदाना त्यांची झडती घेत होती.

"टोपी?"

"आहे," वकीलसाहेब म्हणाले.

"गोळ्या?"

"आहेत."

"अक्कल?"

"ती माझ्याकडे ठेवायला दिलीय," सिस्तो म्हणाला.

"मग हरवलीच म्हणायची. सिस्तो, वारा सुटला तर यांना रोपवेने खाली आणायचं. शपथ घे."

"घेतली शपथ. यांना रोपवेने पाठवतो. मी मात्र माझ्या पायांनी उतरणार. स्कीचा मास्तर डब्यात बसून खाली आला तर लोक हसतील."

"लोक हसतायतच," मी म्हटलं. "वय बघ आपलं."

"तुझं बघतो, ते पुरे आहे," म्हणाला आणि गेला.

दुपारपर्यंत लख्ख ऊन होतं. मग शिखरांमागून जे ढग आले ते घंटाघराच्या कळसापर्यंत खाली उतरले. बर्फ सुरू झाला, वारा सुटला. लोरेदाना केस सेट करून आली, खिडकीशी उभी राहिली, मग फिरायला जायची तयारी करायला वर गेली आणि लगेच पुन्हा खाली आली. रोपवे बंद झाल्याचं कळलं होतं. वकीलसाहेबांचा फोन लागत नव्हता. थंडीत त्याची बॅटरी मान टाकते, दरवर्षीचंच आहे, मी तिला समजावलं. सिस्तोचा फोन तर माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्येच असतो, दोरा आणि बटणांबरोबर.

अंधार पडला आणि फोन वाजला. निवेस होती. शेजारच्यांची नात, डोंगरावरच्या बचाव पथकात आहे. मी तिला लहानपणी मांडीवर खेळवलेली, आता माझ्याहून वीतभर उंच.

"अर्मिदा मावशी, वकीलसाहेब घरी आलेत?"

"नाही अजून. का गं?"

 

"मावशी, आम्ही शेवटची फेरी मारत होतो. घळीच्या तोंडाशी त्यांची निळी स्की सापडलीय. नाव आणि तुमच्या गेस्टहाऊसचं स्टिकर आहे वर. एकच आहे. आणि घळीत वरून बर्फ घसरून आलाय. फार नाही, पण आलाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आम्ही शोधतोय," निवेस म्हणाली. "कुत्रा आणलाय. सिस्तोकाका कुठे आहेत? ते होते ना बरोबर?"

"तो बसला असेल कुठल्यातरी बारमध्ये पत्ते कुटत. भूक लागल्याशिवाय घर आठवतं का त्याला?"

खरंच मला तसं वाटलं. सिस्तोची काळजी करायची असते, हेच या घरात कुणाला माहीत नव्हतं.

फोन ठेवून वळले तर लोरेदाना मागेच उभी. एका कानात डूल, दुसरं हातात.

"निळी," ती म्हणाली. "ऐकलं मी."

तिने फरचा कोट काढला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या जमिनीवर टाकला. त्या कोटावर पाण्याचा थेंब पडला तरी किंचाळणारी बाई ही. मग खुर्चीवर बसली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिचे हात धरले. अशा वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो, मीही बोलले.

"अगं, असतील कुठेतरी बसून खात! ओळखत नाहीस का त्यांना? स्की सुटली म्हणजे माणूस गेला असं थोडंच असतं?"

"वाऱ्यात उतरले ते. मला वचन दिलं होतं, अर्मिदा."

"दिलं होतं ना? मग नसतील उतरले."

"मग स्की कशी आली तिथे? चालत?"

 मी तिला ग्रापाचा, आमच्या द्राक्षांच्या कडक दारूचा, घोट दिला, तिने तो हातातच धरून ठेवला. मग रडायला लागली, पण आवाज न करता. म्हणाली, काल रात्री झोपेत ते घोरत होते म्हणून मी त्यांना कोपर मारलं. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. कोपर मारलं गं मी, कोपर मारलं. मलाही रडू फुटलं. जेवणघरात बाकीचे पाहुणे कुजबुजत बसले होते, कुणी जेवण मागायलाही आलं नाही.

तेवढ्यात बाहेरचं दार आपटलं. बूट झटकल्याचा आवाज आला. आणि दारात वकीलसाहेब! टोपीवर बर्फ, खांद्यावर स्की, आणि मिशीवर क्रीम.

"काय झालं?" ते म्हणाले. "कुणी गेलं का?"

लोरेदाना उठली. आधी तिने त्यांना हातातल्या डुलासकट एक चापट मारली, मग मिठी मारली, मग पुन्हा चापट मारली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रापा सांडली. मी ओट्याला टेकून देवाचे आभार मानले, आमच्या चर्चमधल्या झाडून सगळ्या संतांची नावं घेतली. माझा जीव असा भांड्यात पडला की हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"रोपवे बंद पडला ना," वकीलसाहेब बिचारे खुलासा करत होते. "ती बर्फ सपाट करणारी गाडी असते, तिच्या ड्रायव्हरने मला खाली आणलं. फोन मेला होता. आणि मग मी फक्त एक मिनिट..."

"क्रीम घातलेलं चॉकलेट प्यायला!" लोरेदाना ओरडली. "हृदयात जाळ्या आणि मिशीवर क्रीम! मी इथे तुम्हाला पुरून बसले होते!"

"थोडंसंच होतं गं."

आता मी फोन उचलून निवेसला सांगणार, की पोरी, शोध थांबवा, वकीलसाहेब घरी पोचले. वकीलसाहेबांनी तोवर खांद्यावरच्या स्की भिंतीला टेकवून ठेवल्या. माझी नजर तिकडे गेली.

एक लाल होती. एक निळी.

माझ्या हातातला फोन तसाच राहिला. निळी एक इथे, भिंतीला. निळी दुसरी घळीच्या तोंडाशी. म्हणजे तिच्याबरोबरची जी लाल...

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "जोडी लावून घेतली नाहीत?"

"कुठे वेळ मिळाला? सिस्तो आधी उठला. धुकं चढतंय, मी निघतो म्हणाला. मी बाहेर आलो तर तो गेलेला. जवळच्या स्टँडच्या दोन घेऊन गेला, मला दूरच्या ठेवल्या. एक त्याची, एक माझी." ते हसत होते. हसता हसता थांबले. "सिस्तो आला ना?"

 त्यांनी स्कीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

निळी स्की सिस्तोच्या पायात होती. शोधत होते एर्मेतेला, आणि घळीत होता माझा भाऊ. मी त्याला बारमध्ये बसवून मोकळी झाले होते.

मी खाली बसले. खुर्ची होती की नव्हती आठवत नाही. फोन लोरेदानाने माझ्या हातातून घेतला आणि निवेसला सांगितलं, वकीलसाहेब घरी आहेत, सिस्तोला शोधा, सिस्तोला. मग ती माझ्याशेजारी आली, माझे हात धरले, मघाशी मी तिचे धरले होते तसे.

"अगं, असेल कुठेतरी बसून खात," ती म्हणाली.

"नको बोलूस. मी मघाशी हे का म्हटलं, मला माहीत आहे."

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली, आणि हात सोडले नाहीत.

वकीलसाहेब तसेच बूट घालून दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती. लोरेदानाने त्यांना गोळी दिली, ती त्यांनी मुकाट्याने घेतली. मला एकसारखं दिसत होतं ते सकाळचं दार. तुझं वय बघतो ते पुरे आहे, म्हणाला होता. हे काय शेवटचं बोलणं झालं? एका घरात सत्तर वर्षं काढली आम्ही, आणि दिवसभर फक्त एकमेकांना टोचत राहिलो. पण तो नसेल तर मी सकाळी उठून बोलू कुणाशी? त्या पातेल्यांशी?

फोन वाजला तेव्हा तो माझ्याने उचलवेना. लोरेदानानेच उचलला आणि स्पीकरवर टाकला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग कुत्र्याचं भुंकणं, मग निवेस.

"मावशी! सापडले! अगं, चांगले जिवंत आहेत! गुडघा सुजलाय, बाकी धडधाकट!"

लोरेदाना माझ्या गळ्यात पडली. वकीलसाहेब उठले आणि पुन्हा बसले.

"पण मावशी," निवेस ओरडत होती, "ते खाली यायला तयार नाहीत!"

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं ते असं. सिस्तोने जवळची वाट म्हणून घळ पकडली. बर्फ सरकला, त्याला ढकललं, निळी स्की पायातून सुटून खाली गेली. धुक्यात ती सापडेना. लाल काढून काठीसारखी टेकत तो लंगडत रानातल्या आमच्या गवताच्या खोपीपर्यंत आला. तिथे शेकोटी केली, माळ्यावर टांगलेलं सॉसेज काढलं आणि खरोखरच बसून खात होता. तर त्याला घळीकडे दिवे दिसले आणि हाका ऐकू आल्या. एर्मेते! एर्मेते! त्याला वाटलं, आपला मित्र आपल्या मागोमाग उतरला आणि बर्फात अडकला. तसा उठला, सुजलेला गुडघा घेऊन पुन्हा वर चढला, आणि अंधारात एका टोकाला एकटाच काठीने बर्फ उकरत बसला. निवेसने 'सिस्तोकाका' म्हणून हाक मारली तेव्हा धुक्यातून ओरडला, "माझ्या नावाने काय बोंबलतेस? मी इथे बघतोय, तुम्ही वर बघा!"

"आता आम्ही सांगतोय की वकीलसाहेब घरी आहेत," निवेस म्हणाली, "तर म्हणतात मला खाली न्यायला खोटं बोलताय. दोन माणसांनी धरलंय तरी उकरतायत."

मागून सिस्तोचा आवाज आला, घोगरा, रागाने फाटलेला. "मी बेचाळीस माणसं काढलीत या डोंगरातून, मला शिकवू नका! त्याचं हृदय अधू आहे! सोडा मला!"

वकीलसाहेबांनी लोरेदानाच्या हातातून फोन हिसकावला.   मग एकदम ओरडले, कोर्टात ओरडत असतील तसे.

"गाढवा! माझी निळी स्की कुठे टाकलीस?"

तिकडे उकरणं थांबलं. वारा तेवढा ऐकू येत होता.

"एर्मेते?" सिस्तो म्हणाला.

"मग कोण, पोप? स्की कुठे आहे माझी?"

"तुझी ती फालतू स्की सुटली म्हणून तर पडलो मी," सिस्तो म्हणाला. पुढे काहीतरी म्हणणार होता, पण आवाज फुटला. माझा भाऊ रडत होता. आईला पुरलं त्या दिवशीही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

त्याला घसरगाडीवर बांधून घरी आणलं. मी आधी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, मग त्याच्या टोपीवर तोंड ठेवून उभी राहिले. तो म्हणाला, "पुरे गं, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत. लोरेदानाने बोलोन्याहून आणलेल्या तोर्तेलिनीचा उरलेला डबा माझ्या सूपमध्ये ओतला आणि पहिलं ताट सिस्तोला दिलं. आजवर तिने त्यातला एक दाणा आम्हाला दिला नव्हता. सिस्तोने चव घेतली आणि म्हणाला, "तोफगोळे बरे." त्यावर जो हशा पिकला तो बराच वेळ थांबेना. दोघं म्हातारे शेजारीशेजारी बसून जेवले, आणि वकीलसाहेबांनी मध्येच एकदा सिस्तोची बाही चिमटीत धरून बघितली, कुणाचं लक्ष नाही असं समजून.

शनिवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. बचाव पथकाने सापडलेली स्की आणून दिली होती. मी चारही स्की दारात पुसल्या आणि नीट लावल्या, दोन लाल इकडे, दोन निळ्या तिकडे. लोरेदानाला हेच तर हवं होतं. वकीलसाहेब गाडीवरचा बर्फ झाडत होते. सिस्तो आत खिडकीशी, पाय स्टुलावर टाकून.

लोरेदाना कोट घालून बाहेर आली. स्कीकडे बघत जरा उभी राहिली. मग तिने एक निळी उचलली, एक लाल उचलली आणि गाडीच्या टपावर नेऊन ठेवली.

"अगं, ती लाल आमची," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"आणि लिगुरिया?"

"समुद्र काय, जूनमध्येही तिथेच असतो," ती म्हणाली. "काल इथे बसले होते तेव्हा कळलं. हे घरी बसले तरी मी मरतेच, अन् वर गेले तरी मरतेच. निदान इथे त्यांना शोधायला जाणारं कुणीतरी आहे."

"लिगुरियाचं काय?" वकीलसाहेबांनी गाडीमागून विचारलं.

"काही नाही. गाडी चालू करा."

तिने मला दोन्ही गालांवर मुके दिले, खिडकीतून सिस्तोला बोट दाखवून दम भरला की पुढच्या वर्षी घळीकडे फिरकलास तर दुसरा गुडघा मी मोडीन, आणि ते गेले. गाडी वळणाआड जाईपर्यंत टपावरचं लाल टोक दिसत होतं.

मी उरलेल्या दोन स्की आत आणल्या. सिस्तोने मान वळवून बघितलं.

"माझी दुसरी लाल कुठे आहे?"

"बोलोन्याला चाललीय."

त्याने खिडकीबाहेरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातली निळी नीट भिंतीला लावायला सांगितली, टोक वर करून.

"फेब्रुवारीत आणेल की एर्मेते," तो म्हणाला, आणि सूप गरम आहे का विचारलं.